अंटार्क्टिकात तेल सांडलं तर निस्तरायचं कुणी, आणि भरायचं कुणी?

दक्षिणवारा (मूळ धागा)

अंटार्क्टिकावर कुणाची मालकी चालत नाही, तिथे खाणकामाला बंदी आहे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण तिथे एखादं जहाज फुटलं तर पुढे काय, यावर मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा. थोडा लांबेल.

सुरुवात एका खऱ्या अपघातापासून करतो. २८ जानेवारी १९८९ रोजी अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'बाहिया पाराइसो' हे रसद नेणारं जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ, अमेरिकेच्या पामर स्टेशन या संशोधन तळाच्या अगदी शेजारी, पाण्याखालच्या खडकावर चढलं. जहाजावर खलाशी होते, तळावर जाणारे लोक होते आणि पर्यटकही होते. माणसं सगळी वाचली. पण जहाजाचा तळ फाटला आणि सुमारे ६ लाख लिटर इंधन, मुख्यतः डिझेल, खाडीत गेलं. एवढ्या गळतीला पुरेल असं साहित्य जवळपास कुणाकडेच नव्हतं, ते बाहेरून येईपर्यंत दिवस गेले. जहाजात अडकलेलं इंधन काढायला १९९२-९३चा उन्हाळा उजाडला. सांगाडा अजून तिथेच पडलेला आहे.

दोनच महिन्यांनी अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ' या टँकरची मोठी तेलगळती झाली आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. तरी या दोन घटनांचा एकत्र परिणाम झालाच. अंटार्क्टिकात खाणकामाला नियमांच्या चौकटीत वाट करून देणारा करार १९८८ साली वेलिंग्टनला तयार झाला होता. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने त्यातून अंग काढून घेतलं, आणि १९९१ मध्ये माद्रिदला, १९५९च्या अंटार्क्टिक कराराला जोडून, पर्यावरण संरक्षणाचा प्रोटोकॉल झाला. तो १९९८ पासून लागू आहे. त्याच्या १५व्या कलमात आणीबाणीत तातडीने हालचाल करायचं बंधन आहे आणि १६व्या कलमात 'नुकसानीच्या दायित्वाचे नियम आम्ही पुढे करू' असं आश्वासन.

ते 'पुढे' यायला चौदा वर्षं लागली. जून २००५ मध्ये स्टॉकहोमच्या बैठकीत प्रोटोकॉलचं सहावं परिशिष्ट मंजूर झालं. थोडक्यात ते असं: अंटार्क्टिकात मोहीम, सहल, संशोधन, काहीही आयोजित करणारा म्हणजे 'ऑपरेटर', मग तो सरकारी असो की खाजगी. त्याने आधीपासून खबरदारी घ्यायची, आपत्कालीन योजना तयार ठेवायची, आणि अपघात झालाच तर लगेच आणि परिणामकारक कारवाई करायची. त्याने केली नाही आणि दुसऱ्या एखाद्या देशाने केली, तर त्या देशाचा खर्च त्याने भरायचा. इथे चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. कुणीच काही केलं नाही, तर जी कारवाई व्हायला हवी होती तिच्या खर्चाइतकी रक्कम एका निधीत जमा करायची. निधी सांभाळणार ब्यूनस आयर्समधलं अंटार्क्टिक कराराचं सचिवालय.

आणि हे परिशिष्ट आजही लागू झालेलं नाही.

चर्चा व्हावी ही इच्छा. कायद्यातल्या आणि जहाजावरच्या मंडळींनी जरूर लिहावं.

---

बर्फगोळा

२००५ साली मंजूर आणि अजून लागू नाही? आमच्या सोसायटीतला लिफ्टचा ठराव यापेक्षा लवकर मार्गी लागला म्हणायचा.

गंमत सोडा, पण अडलंय कुठे?

---

दक्षिणवारा

@बर्फगोळा, एकमताच्या अटीवर अडलंय. २००५ साली करारात मतदानाचा हक्क असलेले २८ देश होते. त्या सगळ्यांनी मान्यता दिल्याशिवाय परिशिष्ट अंमलात येत नाही. 'इतक्या देशांनी सही केली की सुरू' असा आकडा नाही, एक देश राहिला तरी सगळं थांबतं. शिवाय मान्यता द्यायची तर आधी घरचा कायदा बदलावा लागतो, कारण आपल्या देशातल्या सहल कंपनीला विमा काढायला लावायचा, तिच्यावर दावा चालवायचा, हे नुसत्या परराष्ट्र खात्याच्या पत्राने होत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये, ब्रिटनने २०१३ मध्ये तसे कायदे केले. भारताचा स्वतंत्र अंटार्क्टिक कायदाच मुळात २०२२ सालचा.

---

नांगर

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. ध्रुवाकडे कधी गेलो नाही, पण तेलगळतीचे ड्रिल भरपूर केले, त्यामुळे 'लगेच आणि परिणामकारक कारवाई' हे शब्द वाचून थोडं हसू आलं.

प्रत्येक जहाजावर तेलगळतीचं साहित्य ठेवायचा 'सोपेप लॉकर' असतो. त्यात काय असतं? तेल शोषणारे पॅड, भुसा, फावडी, बादल्या, हातमोजे, हातपंप. डेकवर तेल सांडलं की पहिलं काम म्हणजे स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं) बंद आहेत ना हे बघणं, म्हणजे डेकवरचं तेल समुद्रात वाहून जात नाही. बंकरिंग (जहाजात इंधन भरणं) करताना होज निसटला, टाकी ओसंडली, असल्या गळतीसाठी ही तयारी चोख आहे. तळाला भगदाड पडलं तर त्या लॉकरचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा तेल अडवणारे तरंगते बूम लागतात, पाण्यावरचं तेल गोळा करणारे स्किमर लागतात, ते ओढायला बोटी लागतात आणि गोळा केलेलं तेल ठेवायला रिकामी टाकी लागते. या शेवटच्या गोष्टीचा विचार कुणी करत नाही. गोळा केलेल्यात तेलापेक्षा पाणी जास्त असतं, ते ओतायचं कुठे?

हे झालं साध्या समुद्रात. बर्फाच्या पाण्यात बूम लावला तर तरंगते तुकडे त्याला ढकलतात, फाडतात. स्किमरच्या तोंडाशी बर्फाचा चुरा अडकतो. तेल बर्फाच्या खालच्या खळग्यांत जाऊन बसतं, आणि थंडी वाढत असेल तर त्याच्या खालून नवा बर्फ धरतो. मग ते तेल बर्फाच्या आत बंद होऊन लादीबरोबर कुठेही जातं आणि वसंतात लादी वितळायला लागली की वर येतं. शोधणार कुठे?

एक गोष्ट मात्र खरोखर चांगली झाली. ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधन तेल वापरायलाच काय, वाहून न्यायलाही बंदी आहे. डिझेल निदान काही प्रमाणात उडून जातं, पसरून विरळ होतं. ते जड काळं तेल थंड पाण्यात डांबरासारखं घट्ट होऊन किनाऱ्याला चिकटून बसतं. आर्क्टिकमध्ये तशीच बंदी जुलै २०२४ मध्ये आली, पण तिथे काही जहाजांना २०२९ पर्यंत सवलती आहेत.

---

कलम३७

उत्तम धागा. @नांगर यांचा प्रतिसाद विशेष आवडला.

कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. लोक विचारतात की जगात जहाजांच्या तेलगळतीसाठी भरपाईचे करार आधीपासून आहेत, टँकरसाठी वेगळा, जहाजाच्या स्वतःच्या इंधनासाठी २००१चा बंकर करार वेगळा, मग अंटार्क्टिकासाठी निराळं परिशिष्ट कशाला? कारण ते सगळे करार किनारी देश गृहीत धरून लिहिलेले आहेत. नुकसान कुठे झालं, तर अमक्या देशाच्या सागरी हद्दीत किंवा त्याच्या आर्थिक क्षेत्रात. दावा कोण करणार, तर तो देश, तिथले मच्छीमार, तिथले हॉटेलवाले. अंटार्क्टिकावर सात देशांचा दावा आहे आणि १९५९च्या कराराच्या चौथ्या कलमाने ते सगळे दावे आहेत त्या जागी गोठवलेत. आता 'माझ्या किनाऱ्याचं नुकसान झालं' असं एकाने कोर्टात म्हटलं, की तो किनारा त्याचा आहे हे मान्य करावं लागतं. ते बाकीचे कसे होऊ देतील?

म्हणून सहाव्या परिशिष्टाने शिताफीने तो प्रश्नच टाळला. त्यात 'नुकसानभरपाई' जवळजवळ नाहीच. आहे तो कारवाईचा खर्च. मालक नसला तरी खर्च करणारा सापडतो, आणि खर्चाची पावती दाखवता येते.

---

मोघम

म्हणजे पेंग्विन मेले त्याचे पैसे नाहीत, पेंग्विन पुसायला कापूस आणला त्याचे आहेत. असंच ना?

---

कलम३७

@मोघम, कडवट आहे पण बरोबर आहे.

एवढंच सांगतो की निसर्गाच्या नुकसानीला किंमत लावायची पद्धत कायद्याला अगदी अनोळखी नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा प्रकरणात पर्यावरणाच्या हानीसाठी भरपाई दिली, त्या न्यायालयाने अशी भरपाई देण्याची ती पहिलीच वेळ. पाणथळ जागेतली झाडं तोडून कालवे खणले होते. रक्कम किती? निसर्गाच्या हानीपोटी १ लाख २० हजार डॉलर. कोस्टा रिकाने मागितलेल्या रकमेचा तो लहानसा तुकडा होता. आणि तिथेसुद्धा जमीन कुणाची हे आधीच्या निकालात ठरलेलं होतं, म्हणून हे शक्य झालं.

---

शेवाळ

हानीची किंमत सोडा, हानी झाली हे ठरवणंही वाटतं तितकं सोपं नाही. बाहिया पाराइसोचंच उदाहरण घ्या.

गळतीनंतर पामरच्या आसपासच्या खडकांवर लिम्पेट, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शंखवर्गीय जीव, मोठ्या संख्येने मेले. याबद्दल वाद नाही. पण त्याच हंगामात तिथल्या स्कुआ पक्ष्यांची पिल्लंही मेली. काही संशोधकांचं म्हणणं पडलं की आईबापांच्या अंगाला तेल लागलं, ते घरट्याकडे दुर्लक्ष करायला लागले, आणि उघड्या पडलेल्या पिल्लांना दुसऱ्या स्कुआंनी मारलं. दुसऱ्या गटाने म्हटलं की स्कुआंचे हंगाम असेही वाया जातात, खाद्य कमी पडलं की हेच घडतं, तेलाला जबाबदार धरायला पुरावा कमी आहे. हा वाद शास्त्रीय नियतकालिकांतून झाला.

आता कल्पना करा, हाच वाद कोर्टात. आणि ही जागा पामर होती, जिथे वर्षानुवर्षं पक्षी मोजायची पद्धत आहे. जिथे आधीची नोंदच नाही अशा किनाऱ्यावर गळती झाली तर 'पूर्वी किती होते' हाच प्रश्न अनुत्तरित. त्यामुळे खर्चावर आधारलेलं दायित्व मला तितकंसं वाईट वाटत नाही. तोकडं आहे, पण मोजता येतं.

अवांतर: सगळं लक्ष जहाजांवर आहे, पण जुन्या तळांच्या आसपासची जमीनही बघा. ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टेशनवर जुन्या इंधनगळतीची माती खणून, अस्तर घातलेल्या ढिगांत रचून, तिला हवा आणि पोषक द्रव्यं देऊन जिवाणूंकरवी साफ करतात. थंडीत जिवाणूंचं काम मंद चालतं, त्यामुळे एकेका ढिगाला वर्षं लागतात. माती उचलून जहाजाने परत न्यायचा खर्च बघता हेच परवडतं. हे जुनं प्रदूषण मात्र परिशिष्टाच्या कक्षेत कधीच येणार नाही, कारण ते लागू झाल्यानंतरच्या अपघातांनाच धरलंय.

---

बर्फगोळा

आकडे सांगा की कुणीतरी. बुडालं एखादं मोठं क्रूझ जहाज, तर भरायचे किती?

---

दक्षिणवारा

मर्यादा आहे. हिशोब नाणेनिधीच्या 'विशेष आहरण अधिकारात' म्हणजे एसडीआरमध्ये, एक एसडीआर साधारण सव्वा ते दीड डॉलर धरा.

२,००० टनांपर्यंतच्या जहाजाला १० लाख एसडीआर. त्यावर ३०,००० टनांपर्यंत प्रत्येक टनाला ४००, पुढे ७०,००० टनांपर्यंत ३००, त्याहून वर २००. म्हणजे २०,००० टनांचं जहाज असेल तर १० लाख अधिक १८,००० गुणिले ४००, एकूण ८२ लाख एसडीआर. ५,००० टनांच्या लहान मोहीम-जहाजाला २२ लाख. जहाजाचा संबंध नसलेल्या अपघाताला, उदाहरणार्थ स्टेशनवरची इंधनटाकी फुटली, सरसकट ३० लाख एसडीआर. मुद्दाम किंवा बेदरकारपणे केलं असेल तर ही मर्यादा उठते.

माणसांचा जीव वाचवण्यासाठी करावं लागलेलं कृत्य, अंदाज बांधता येणार नाही अशी असाधारण नैसर्गिक आपत्ती, दहशतवादी हल्ला आणि युद्धकृत्य, यांत दायित्व नाही.

---

मोघम

तीस लाख एसडीआर म्हणजे चाळीस लाख डॉलरच्या आसपास. आता हे बघा.

२९ मे २०२० रोजी रशियाच्या नोरिल्स्कमध्ये, आर्क्टिक वर्तुळाच्या वर, वीज आणि उष्णता पुरवणाऱ्या केंद्राची डिझेलची टाकी फुटली. सुमारे २१,००० टन डिझेल गेलं, त्यातलं बरंचसं अंबार्नाया नदीत. नदी लाल दिसत होती, उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली. कंपनीने पायाखालची गोठलेली जमीन खचल्याचं कारण पुढे केलं, तपास यंत्रणेने बांधकाम आणि देखभालीतले दोषही दाखवले. बातमी वरपर्यंत उशिरा पोचली म्हणून पुतिन यांनी टीव्हीसमोर अधिकाऱ्यांना झापलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने १४६ अब्ज रूबल, म्हणजे जवळपास २ अब्ज डॉलर भरायला लावले आणि कंपनीने भरले.

तीच टाकी अंटार्क्टिकात असती तर कमाल चाळीस लाख डॉलर. पाचशेपट फरक!

---

कलम३७

@मोघम, तुलना चांगली आहे, पण दोन्हीकडे मोजलंय वेगवेगळं. नोरिल्स्कमध्ये नदीची मालकी रशियन राज्याची, आणि पाण्याच्या नुकसानीची रक्कम काढायचं ठरलेलं सूत्र त्यांच्याकडे होतं. त्या १४६ अब्जांतली बहुतेक सगळी रक्कम पाण्याची, मातीची एक अब्जाहूनही कमी. सफाईचा खर्च तर यात धरलेलाच नाही. आणि देखभालीत हयगय झाली हे ठरलं असतं तर 'बेदरकारपणा' लागून अंटार्क्टिकातही मर्यादा उठली असती, असा युक्तिवाद करता येईल.

आर्क्टिकचं गणितच निराळं. तिथे जमीन आणि पाणी बहुतांश कुणाच्या तरी हद्दीत आहे, त्यामुळे आठ देशांनी २०१३ मध्ये किरुनाला तेलगळतीबाबत जो करार केला त्यात भर सहकार्यावर आहे: कळवायचं कुणाला, मदत मागायची कशी, एकत्र सराव करायचे, मदतीचा खर्च परत कसा करायचा. दायित्व आपापल्या कायद्यावर सोडलंय.

---

नांगर

एक शंका. २००७ साली 'एक्सप्लोरर' बुडालं, त्याचं काय झालं असतं या परिशिष्टाखाली?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मोहीम-सहलींसाठीच म्हणून बांधलेलं, १९६९चं जुनं, लाल रंगाचं जहाज. २३ नोव्हेंबर २००७ रोजी किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाने कवच फाडलं. १५४ माणसं लाइफबोटींत तासन् तास बसून राहिली, 'नॉर्डनॉर्गे' हे नॉर्वेचं जहाज जवळ होतं म्हणून सगळी वाचली. झेंडा, म्हणजे नोंदणी, लायबेरियाची. त्यांच्या चौकशीत निघालं की कॅप्टनने समोरचा बर्फ नवा आणि पातळ समजून वेग ठेवला, आणि तो होता जुना, कडक. जहाज हजार मीटरहून खोल गेलं, सोबत डिझेलही.

---

कलम३७

@नांगर, नेमका प्रश्न. आणि माझ्या मते परिशिष्टाची खरी फट इथेच आहे, रकमेत नाही.

लायबेरिया अंटार्क्टिक कराराचा सदस्यच नाही. पण ते फारसं आडवं येत नाही, कारण परिशिष्ट झेंड्याला नव्हे, सहल आयोजित करणाऱ्याला धरतं, आणि खाजगी आयोजकावर दावा तो जिथे नोंदलेला आहे किंवा जिथे त्याचा मुख्य धंदा आहे तिथल्या कोर्टात चालतो. इथवर ठीक.

आता पुढे. आयोजकाने भरायचा तो 'कारवाईचा' खर्च. कारवाई म्हणजे 'वाजवी' उपाय, आणि वाजवी ठरवताना तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, आर्थिकदृष्ट्या झेपेल का, निसर्ग आपोआप किती लवकर सावरेल, माणसांच्या जिवाला धोका किती, हे सगळं बघायचं. हजार मीटर खोल, बर्फाच्या समुद्रात पडलेल्या जहाजातून डिझेल उपसणं वाजवी ठरेल? बहुधा नाही. मग कारवाई व्हायला हवी होती असं म्हणता येत नाही. मग खर्चही नाही. मग निधीतही काही जमा नाही.

किनाऱ्यालगत, आवाक्यातली गळती असेल तर बिल मोठं. हाताबाहेरची असेल तर बिल शून्याकडे. जितकं निस्तरणं अशक्य, तितकी सुटका सोपी.

---

शेवाळ

हे मी असं कधी बघितलं नव्हतं. आणि ध्रुवीय प्रदेशात 'हाताबाहेरची' हीच सर्वसाधारण अवस्था आहे. जून ते ऑगस्ट, अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, तिथे जाणार कोण?

---

मोघम

मग चौदा वर्षं चर्चा करून मिळवलं काय? मी तर म्हणेन, असलं परिशिष्ट नसलेलं बरं. नाहीतर 'आमच्याकडे दायित्वाची तरतूद आहे' म्हणून मिरवायला मोकळे.

---

दक्षिणवारा

@मोघम, असहमत. कोर्टातल्या दाव्याइतकीच, मला वाटतं त्याहून जास्त, विम्याची अट महत्त्वाची आहे. खाजगी आयोजकाकडे दायित्वाच्या मर्यादेइतका विमा किंवा तशीच आर्थिक हमी असायलाच हवी. विमा आला की विमा कंपनी प्रश्न विचारते: नकाशे कुठले वापरता, कॅप्टनला बर्फाचा अनुभव किती, जवळपास दुसरं जहाज असतं का. अंटार्क्टिकाच्या समुद्राचा मोठा भाग आधुनिक साधनांनी मोजलेला नाही, हे लक्षात घ्या. एका हंगामात पर्यटकांचा आकडा लाखाच्या पुढे गेलाय. अशा वेळी अपघातानंतर किती मिळणार यापेक्षा आधी कोण काय तपासणार, याला वजन जास्त.

---

नांगर

विम्याबद्दल सहमत. विमा क्लबचा सर्व्हेअर (तपासनीस) जहाजावर यायचा म्हटलं की आमच्याकडे आधी दोन दिवस धावपळ असायची. सरकारी इन्स्पेक्टरला चहा पाजून वाटेला लावता येतं, सर्व्हेअरला नाही.

पण मग मासेमारीचं काय? डिसेंबर २०१० मध्ये 'नंबर १ इनसुंग' हे कोरियाचं जहाज दक्षिण महासागरात बुडालं, ४२ पैकी २२ माणसं गेली. त्या जहाजांवरही इंधन असतंच की.

---

कलम३७

मासेमारीची जहाजं परिशिष्टाच्या बाहेर राहतात, असाच अर्थ साधारणपणे लावला जातो. ज्या कामांची आगाऊ सूचना करारानुसार द्यावी लागते तीच यात आहेत: संशोधन, पर्यटन, तळांची रसद वगैरे. मासेमारीचा कारभार वेगळ्या कराराखाली चालतो.

आणि हद्द ६० अंश दक्षिण. १९८७ साली ऑस्ट्रेलियाने भाड्याने घेतलेलं 'नेला डान' मॅक्वारी बेटावर लागलं, इंधन सांडलं, शेवटी जहाज खोल पाण्यात नेऊन बुडवलं. ते बेट ५४ अंशांवर. पेंग्विन तेच, समुद्र तोच, पण तिथे ऑस्ट्रेलियाचा कायदा चालतो.

---

बर्फगोळा

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. सरकारी जहाज असेल तर? बाहिया पाराइसो नौदलाचंच होतं. एका देशाने दुसऱ्या देशाच्या नौदलावर दावा ठोकायचा कुठे?

---

कलम३७

कोर्टात नाहीच. सरकारी ऑपरेटर असेल तर मामला देशादेशांतल्या वाटाघाटीत, प्रोटोकॉलच्या तंटा सोडवण्याच्या तरतुदींत आणि फार तर लवादात. खाजगी आयोजकावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि आयोजक कोण हे उशिरा कळलं तरी कारवाई सुरू झाल्यापासून पंधरा वर्षांच्या पुढे काहीच नाही. तळ चालवतात बहुतेक सरकारंच, त्यामुळे ज्यांनी नियम लिहिले त्यांनी स्वतःसाठी मऊ दार ठेवलं, असं @मोघम म्हणतील.

---

मोघम

म्हणणारच होतो, तुम्ही आधी म्हटलंत.